मुलाखतीच्या खिडकीपासून हायकोर्टापर्यंत: कोठडीत मारहाण झाली तर घरच्यांनी काय करायचं

“केस टाकायची आहे,” असं म्हणत येणाऱ्याला मी आधी पाणी देते आणि मग विचारते, तारीख कोणती? बहुतेकांकडे उत्तर नसतं. किती मारलं, कुणी मारलं, पोरगं काचेपलीकडे कसं रडत होतं, हे सगळं सांगतात. तारीख मात्र ‘मागच्या महिन्यात कधीतरी’. मी वकील नाही. नाशिकला जुन्या सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, जिल्हा न्यायालयात वकिलांच्या टेबलाशेजारी बसून अर्ज लिहून देणं, नकला काढणं, कोणती खिडकी कुठं ते दाखवणं, एवढंच माझं काम. पण असली प्रकरणं युक्तिवादात फार कमी हरलेली पाहिली. पहिल्या पंधरा दिवसांत कागद झाला नाही म्हणून हरलेली पुष्कळ पाहिली. आतल्या माणसाला कागद करता येत नाही, म्हणून हे बाहेर थांबलेल्या आई-बापांसाठी आणि बहीण-भावांसाठी लिहिते आहे.

आधी ठरवा, ताबा कुणाचा होता

अटकेनंतरची पोलीस कोठडी म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘पीसीआर’. तो संपला की ‘एमसीआर’, म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि माणूस जेल रोडला नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात जातो. पीसीआरमध्ये काही झालं तर जबाब पोलीस खात्यानं द्यायचा, एमसीआरमध्ये कारागृह विभागानं. दोन्ही खाती गृह विभागाखाली असली तरी अर्ज, मुदत, तक्रारीची जागा वेगळी. पोलिसांविरुद्ध शहर हद्दीत पोलीस आयुक्त आणि ग्रामीण हद्दीत जिल्हा पोलीस अधीक्षक; कारागृहाविरुद्ध आधी कारागृह अधीक्षक आणि वर पुण्यातलं मुख्यालय. तिसरी एक अवस्था लोक विसरतात: जेलमधून तारखेला आणताना आणि परत नेताना माणूस पोलीस गार्डच्या हातात असतो. व्हॅनमध्ये काही झालं असेल तर ते जेलच्या नावावर लिहू नका. समोरची बाजू नेमकं तेवढंच खोडून काढते आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

‘तक्रार नाही’ हे दोन शब्द

रिमांडला, म्हणजे कोठडीची मुदत ठरवायला, कोर्टात आणल्यावर मॅजिस्ट्रेट विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” ज्यांनी रात्री मारलं तेच दंड धरून शेजारी उभे असतात. माणूस म्हणतो, “नाही.” रिमांडच्या कागदावर ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते आणि पुढं दोन वर्षांनी तीच ओळ सरकारी वकील मोठ्यानं वाचून दाखवतात. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त चीड येते ती या दोन शब्दांची, कारण ते खोटे आहेत हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं.

यावर उपाय असा, की तोंडी उत्तरावर विसंबायचं नाही. त्याच दिवशी वकिलामार्फत एका पानाचा लेखी अर्ज द्यायचा: आरोपीच्या अंगावर अमुक ठिकाणी जखमा आहेत, त्या न्यायालयानं पाहाव्यात, तशी नोंद घ्यावी आणि वैद्यकीय तपासणीचा आदेश द्यावा. वकील नसेल तर सरकारी खर्चानं रिमांडसाठी वकील मिळतो, तो तिथंच मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला द्यायची असते. ‘त्यानं सांगितलेल्या माणसाला’ हे शब्द वकिलाला दाखवा आणि अर्जात तुमचं नाव घालून घ्या. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये आणखी दोन गोष्टी घालून दिल्या: मागणी केल्यास अटकेच्या वेळी अंगावरच्या जखमांचा पंचनामावजा कागद, आणि कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. प्रत्यक्षात ही तपासणी पुष्कळदा ‘फिट’ एवढ्या एका शब्दात उरकते. म्हणून डॉक्टरसमोर कुठं दुखतंय ते बोट ठेवून सांगायचं आणि ‘लिहा’ म्हणायचं, हे घरच्यांनी आधीच पढवून ठेवावं.

जेलमध्ये शिरतानाही वैद्यकीय नोंद होते. नव्या बंद्याची तब्येत, अंगावरच्या जखमा, खुणा वहीत लिहायच्या, हा नियम १८९४ च्या कारागृह कायद्यापासून चालत आला आहे. ही वही म्हणजे दोन ताब्यांमधला हद्दीचा दगड. आत जाताना जखम नोंदलेली असेल तर ती पोलीस कोठडीतली. आत जाताना अंग साफ होतं आणि महिनाभरानं बरगडी मोडली, तर जबाबदारी कुणाची ते वेगळं सांगायला नको. या नोंदीची प्रत न्यायालयामार्फत मागवण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला टाका. सिव्हिल हॉस्पिटलला नेलं असेल तर केसपेपर आणि एमएलसीचा, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून झालेल्या नोंदीचा, नंबर टिपून ठेवा. नंबर असला की कागद सापडतो, नसला की ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’.

सीसीटीव्हीचं तसंच. पोलीस ठाण्यातलं चित्रण १८ महिने जपून ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सांगितलं आहे. पण कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तरी ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण राखून ठेवावं’ असा अर्ज त्याच आठवड्यात द्या. पुढं चित्रण नाही म्हणाले, तर मागणी वेळेत झाली होती हे तरी दाखवता येतं.

गोडी छाटणीची तारीख

दिंडोरीकडची एक मावशी होती. द्राक्षाच्या पॅकिंगला जायची. मुलगा एका कारागृहात कच्चा कैदी. त्याच्या हाताला फ्रॅक्चर झालं आणि आठ दिवस क्ष-किरण तपासणी झाली नाही, अशी तक्रार. कधी झालं विचारल्यावर म्हणाली, “गोडी छाटणी चालू होती तेव्हा.” द्राक्षाची ही छाटणी ऑक्टोबरच्या आसपासची, म्हणून आम्ही अर्जात ‘ऑक्टोबर महिन्यात’ असं ठोकून दिलं. उत्तर आलं: ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे बंदी दुसऱ्याच कारागृहात होता, सबब तक्रार बनावट. चूक आमची होती, तिची नाही. पुढच्या वेळी तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून मुलाखतीच्या पावत्या काढल्या, रबर लावून ठेवलेल्या. त्यातल्या एकीवर मागच्या बाजूला पेन्सिलनं काढलेला हात होता, मनगटाजवळ आडवी रेघ. ती पावती ज्या दिवसाची, त्याच्या आदल्या सोमवारी हात मोडला होता. तारीख मिळाली.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एक शंभर पानी वही घ्यायला लावते. मुलाखत झाली की जेलच्या फाटकाबाहेर, रिक्षात बसायच्या आधी, लिहायचं: आजची तारीख, त्यानं सांगितलेली घटनेची तारीख आणि वेळ, सर्कल (जेलमधला विभाग), बॅरक, मारणाऱ्याचं नाव, ते नसेल तर वर्णन, कोण पाहत होतं, कुठं लागलं, औषध मिळालं का. ई-मुलाखतीत दिसलं तेही लिहायचं. फुगवून काही लिहायचं नाही. दोन काठ्या मारल्या असतील तर दोनच लिहा. ‘बेदम’, ‘अमानुष’ हे शब्द वकिलाला वापरू देत.

मुलाखतीत सगळं बोलता येत नाही, कान आजूबाजूला असतात. नाजूक मजकूर वकिलाच्या भेटीसाठी राखून ठेवा. कच्च्या कैद्याला त्याच्या वकिलाशी तिसरा माणूस नसताना बोलता यावं, ही तरतूद १८९४ च्या कारागृह कायद्यातच आहे.

पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका

पहिला अर्ज कारागृह अधीक्षकांना किंवा पोलीस आयुक्त अथवा अधीक्षकांना. दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणाले तर ठेवू नका, पोस्टातून स्पीड पोस्टानं, पोच मागून, पाठवा. एक प्रत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना पाठवाच. जिल्हा न्यायाधीश कारागृहाचे पदसिद्ध अभ्यागत असतात आणि सुनील बत्रा खटल्याच्या दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कैद्यांच्या तक्रारपेट्या सत्र न्यायाधीश आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवायला सांगितलं. तो सगळा खटला उभा राहिला एका कैद्यानं दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावर. तेव्हा साध्या कागदावरच्या पत्राला हलकं समजू नका.

माहिती अधिकारही वापरता येतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, हा महाराष्ट्राचा नियम. एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची असते. उपचार मिळत नसतील तर अर्जाच्या वरच तसं ठळक लिहा.

वकील आणि पैसे

कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. शेत आहे, घर आहे, भाऊ नोकरीला आहे, काहीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, १५१०० हा हेल्पलाइनचा नंबर. एक अडचण मात्र आधीच समजून घ्या. ‘लोक अभिरक्षक’ म्हणून जे वकील भेटतात ते फौजदारी खटल्यात बचावासाठी असतात. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी पॅनेलवरचा वकील वेगळा अर्ज करून मागावा लागतो. हे कुणी आपणहून सांगत नाही आणि लोक सहा महिने चुकीच्या टेबलासमोर उभे राहतात.

घड्याळ आतल्यासाठी थांबत नाही

इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सावकाश.

लोकांना वाटतं, आधी सुटू दे, मग बघू. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात अज्ञान मुलाला आणि मनोरुग्णाला सवलत आहे. तुरुंगात असणं ही सवलत नाही. आत असतानाच मुदत संपते.

कायद्याखाली काम करतोय असं म्हणत केलेल्या कृत्याबद्दल भरपाई मागायची तर मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद ७२ प्रमाणे एक वर्ष. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल, सुटल्यापासून एक वर्ष. कुठल्याच अनुच्छेदात न बसणाऱ्या दाव्याला तीन वर्षं. मारहाण एक वर्षात बसते की तीन, यावर वकील भांडतात. आंध्रातल्या छल्ला रामकृष्ण रेड्डी प्रकरणात, जिथं तुरुंगात शिरून बॉम्ब टाकून एका कैद्याला मारलं होतं, खालच्या न्यायालयानं दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला. वरच्या न्यायालयानं तीन वर्षांची मुदत धरली आणि सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये १ लाख ४४ हजारांची भरपाई कायम केली. घटना १९७७ ची. तुम्हाला इतकी वर्षं घालवायची नसतील तर एकच वर्ष आहे असं धरून चाला.

पोलिसांविरुद्ध तर त्याहून कमी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलच्या खटल्याला आणि दाव्याला सहा महिन्यांची मर्यादा घालतं, शिवाय दाव्याआधी एक महिन्याची नोटीस. हे कलम लागू होतं की नाही यावर वाद घालता येतो. पण सहा महिन्यांच्या आत असाल तर वादच उरत नाही. वहीच्या पहिल्या पानावर घटनेपासून सहा महिन्यांची आणि एक वर्षाची तारीख लाल पेननं लिहा.

आणि सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. राज्य सरकारसाठी ती सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना देता येते. म्हणजे मुंबईला जायला नको, कोर्टापासून चालत जाऊन जिल्हाधिकारी कार्यालयात पोच घेता येते. अधिकाऱ्याला वैयक्तिक प्रतिवादी करायचं असेल तर त्याच्या कार्यालयात वेगळी. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो. फारच तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीनं नोटिशीशिवाय दावा लावता येतो. प्रतिवादी म्हणून ‘अमुक जेल’ असं लिहू नका. ‘महाराष्ट्र राज्य’ लिहायचं. नुसत्या जेलच्या नावावरचा दावा पहिल्याच हरकतीत अडकतो.

साक्षीला आतला माणूस कसा येणार, असंही विचारतात. न्यायालय त्याला हजर करण्याचा आदेश देऊ शकतं. जेल आणि न्यायालय यांच्यात २५ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर कमिशनवर जबाब घेण्याकडे कल असतो; नाशिकरोडहून सीबीएस दहाएक किलोमीटर, त्यामुळे ही अडचण सहसा येत नाही. गार्ड उपलब्ध नाही, ही येते.

कोणत्या दाराशी जायचं

गुन्हा दाखल करायचा असेल तर हद्दीतलं पोलीस ठाणं, त्यांनी घेतलं नाही तर आयुक्त किंवा अधीक्षकांकडे लेखी, मग मॅजिस्ट्रेटकडे शपथपत्रासह अर्ज. इथं लोकसेवकांसाठी कायद्यानं दोन कुंपणं घातली आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीबद्दल तक्रार असेल, तर मॅजिस्ट्रेट आधी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवतात आणि त्या लोकसेवकाचं म्हणणंही ऐकतात. दुसरं कुंपण कलम २१८ चं, सरकारच्या पूर्वमंजुरीचं. मारहाण हे कर्तव्यच नव्हे, म्हणून मंजुरी नको, हा युक्तिवाद होतो आणि पुष्कळदा टिकतोही, पण त्यात वेळ जातो. म्हणून मंजुरीचा अर्ज आधीच देऊन ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. नव्या कलमात १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. जुन्या कायद्यात हे नव्हतं, फाइल वर्षानुवर्षं मंत्रालयात पडून राहायची.

मानवी हक्क आयोगाला फी नाही, वकील नको, साधं पत्र चालतं. पण घटनेपासून एक वर्षाच्या आत, आणि राज्य आयोग किंवा राष्ट्रीय आयोग यांपैकी एकाकडेच. तोच विषय न्यायालयात असेल तर आयोग सहसा हात घालत नाही. आयोग शिफारस करतो, हुकूम नाही. तरीही आयोगाच्या चौकशीत जे कागद बाहेर येतात ते एरवी तुम्हाला मिळाले नसते, एवढ्यासाठी तरी हे दार ठोठवावं.

हायकोर्टातली रिट, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट हायकोर्टात केलेला अर्ज, हे सगळ्यात मोठं दार. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतो, म्हणजे सकाळची पंचवटी एक्सप्रेस. मूलभूत हक्क मोडला तर रिटमध्येच भरपाई देता येते, हे रुदुल शाहच्या १९८३ च्या निकालानं सुरू झालं. निर्दोष सुटूनही तो माणूस चौदा वर्षं तुरुंगात राहिला होता आणि त्याला ३५ हजार रुपये मिळाले. पुढं १९९३ मध्ये ओडिशाच्या नीलबती बेहेरांना दीड लाख. त्यांच्या मुलाचा मृतदेह रूळांवर सापडला होता आणि तो पळून जाताना रेल्वेखाली आला, असं पोलीस सांगत होते. १९६४ च्या कस्तुरीलाल निकालातून आलेली ‘सार्वभौम कामाबद्दल राज्य जबाबदार नाही’ ही ढाल मूलभूत हक्कांच्या बाबतीत चालत नाही, हेही याच निकालात ठरलं. सरकारी उत्तरात ती ढाल अजून अधूनमधून दिसते, घाबरू नका.

रिटचा अडसर वेगळा आहे. घटनाच घडली की नाही, यावर दोन्ही बाजूंची शपथपत्रं उलटसुलट असली की न्यायालय म्हणतं, हे पुराव्यानं ठरवायचं, दिवाणी न्यायालयात जा. तोवर दिवाणी मुदत संपलेली असते. म्हणून रिट टाकली तरी कलम ८० ची नोटीस देऊन ठेवा. आणि रिटसोबत काय जोडणार? तीच एमएलसी, तीच जेल-प्रवेशाची नोंद, त्याच पोच-शिक्क्यांच्या प्रती.

तक्रारीनंतर आत काय होतं

मुलाखत बंद, कॅन्टीन बंद, बॅरक बदल, लांबच्या जेलला बदली. हे होऊ शकतं, आणि तक्रार करायची की नाही हे ठरवताना आतल्या माणसाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. अंग त्याचं आहे. अर्जातच संरक्षण मागा: न्यायालयाच्या परवानगीशिवाय बदली नको, ठरावीक दिवसांनी सिव्हिलमध्ये तपासणी. शिक्षा म्हणून एकांत कोठडी किंवा बदली करायची तर सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून जावी, असं सुनील बत्रा निकालात आहे. काही दिवसांनी ‘माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही’ असा अंगठ्याचा किंवा सहीचा कागद पुढं येतो. आला तर वकिलाला लगेच भेटायला पाठवा आणि तो कागद कसा झाला, याचं शपथपत्र करा.

मृत्यू झाला असेल तर

थोडक्यात पण नीट वाचा. कोठडीतल्या मृत्यूची मॅजिस्ट्रेटकडून चौकशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे सक्तीची आहे, जवळच्या नातेवाइकांना कळवायचं असतं आणि चौकशीत हजर राहू द्यायचं असतं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा, देह ताब्यात घेताना अंगावर काय दिसलं ते दोन माणसांनी लिहून सही करा. चौकशी अहवालानंतर पुढं काय, याबद्दल कायदा पुरेसा बोलत नाही. कोठडीत मरण पावलेल्या परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी यांच्या प्रकरणात गुन्हा नोंदवून घ्यायला जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं कारागृहातल्या मृत्यूंसाठी भरपाईचं धोरण ठरवलं: कर्मचाऱ्यांची मारहाण, बंद्यांची भांडणं, कामावरचा अपघात, वैद्यकीय हलगर्जी यांत ५ लाख, आत्महत्येत १ लाख. नैसर्गिक मृत्यूला काही नाही, म्हणून मृत्यूचं कारण कागदावर काय लिहिलं जातं याकडे पहिल्या दिवसापासून डोळा ठेवा.

शेवटचं एक बारीकसं. जेलच्या रजिस्टरमध्ये नाव ‘पप्पू’ असतं, एफआयआरमध्ये ‘सुरेश ऊर्फ पप्पू’, आधारवर आणखी तिसरंच, आणि सिव्हिलच्या केसपेपरवर आडनाव चुकलेलं. पहिल्याच अर्जात ही सगळी नावं एका ओळीत लिहून ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असं म्हणा आणि बंदी क्रमांक टाका. मावशीच्या मुलाचा क्ष-किरण अहवाल अडीच महिने मिळत नव्हता, तो दुसऱ्याच आडनावाखाली फाइलला लावलेला होता.